नेगोवानच्या गाडीचं माप

सकाळची कॉफी व्हायच्या आत ओब्रेनने गराजचं तोंड पुन्हा मोजलं. काल मोजलं होतं, परवाही मोजलं होतं. टेप तोच, भिंती त्याच, आकडाही तोच: रुंदी दोन मीटर वीस. पण पायाला एकदा भिंगरी लागली की नुसत्या आकड्याने ती थांबत नाही. त्याने टेप खिशात टाकला, अंगणात चार पावलं गेला, परत फिरला आणि उंची मोजायला टाचा उंचावून उभा राहिला.

"वाढली का रे आज थोडी?" स्वयंपाकघराच्या खिडकीतून स्तामेना म्हणाली. ती त्याची बायको. लग्नाला पन्नास वर्षं होत आली होती, आणि एवढ्या काळात नवऱ्याला टोमणा मारायची संधी तिने वाया घालवल्याचं कोणाच्या ऐकिवात नव्हतं. "रोज पाणी घालत जा. वाढेल."

"तू तुझी कॉफी बघ. उतू जातेय."

"दारवाला येतोय ना आज? तो मोजणारच आहे. मग तुझी कशाला लगबग?"

"तो मोजेल ते त्याच्या दारासाठी. मी मोजतोय ते माझ्या भिंतीसाठी."

ओब्रेन गवंडी होता. म्लावा नदीकाठच्या त्या गावातली निम्मी घरं त्याच्या हाताखालून गेलेली. आता गुडघे बोलू लागले होते म्हणून काम सोडलं होतं, पण रस्त्याने जाताना दुसऱ्याची भिंत दिसली की एक डोळा मिटून तिची सरळ रेघ तपासायची सवय काही सुटली नव्हती. स्वतःच्या घराची वीट न् वीट त्याने लावली होती, आणि घराखालचं हे गराज फिचा गाडीसाठी बांधलं होतं. त्या काळी देशातली झाडून सगळी गराजं फिचाच्या मापाची असत. इवलीशी गाडी ती, बिघडली तर चौघांनी उचलून कडेला ठेवावी. पुढे फिचा विकली गेली आणि गराजात कोबीची पिंपं, सरपण आणि स्तामेनाच्या लोणच्याच्या बरण्या राहायला आल्या. लाकडाची दुपाखी दारं तेवढी राहिली.

आता ओब्रेनला तिथे वर सरकणारं, कळ दाबली की उघडणारं नवं दार हवं होतं. आणि तेही मित्रोवदानच्या आत.

मित्रोवदान म्हणजे आठ नोव्हेंबर, त्यांच्या घराण्याच्या संताचा दिवस, त्यांची स्लावा. त्या दिवशी उंच मेणबत्ती लावायची, पाद्री येऊन गोल पावावर वाइन ओतणार आणि घरच्या पुरुषांबरोबर तो हातांत धरून फिरवणार, अक्रोड घातलेल्या गोड गव्हाची वाटी दारात ठेवायची आणि दिवसभर येईल त्याला जेवू घालायचं. स्लावाला आमंत्रण म्हणून नसतं. ज्याला यायचं तो येतो. 'या' म्हणणं म्हणजे समोरच्याला दिवस आठवत नाही असं म्हणण्यासारखं. शेजाऱ्यालाही कोणी बोलावत नाही, मग पोटच्या मुलाला कोण बोलावणार? आणि ओब्रेनचा एकुलता एक मुलगा नेगोवान तीन वर्षं आलेला नव्हता.

नेगोवान ऑस्ट्रियात, लिंत्सला होता. तो शेवटचा आला तेव्हा त्याची नवीकोरी गाडी रात्रभर रस्त्यावर उभी होती, आणि कोणाच्या तरी ट्रॅक्टरच्या ट्रॉलीने तिचा आरसा उडवला. त्यानंतर दर वर्षी तेच ऐकू येई: "गाडी कुठे ठेवू, बाबा?" पहिल्या वर्षी ओब्रेनला ते पटलं. दुसऱ्या वर्षी राग आला. तिसऱ्या वर्षी पाद्रीबरोबर पाव फिरवायला मुलाचा हात हवा होता तिथे शेजाऱ्याने हात लावला, आणि त्या रात्री ओब्रेन अंथरुणात बसून राहिला. या वर्षी त्याने ठरवलं: सबबच ठेवायची नाही. गाडीला दार देतो. मग बघू कसा येत नाही ते.

सिनिशा म्हणजे दारवाला. चाळिशीचा, गोल पोटाचा, बोलायला मोकळा. आल्या आल्या त्याने रुंदी वर मोजली, मधे मोजली, खाली मोजली. मग एका कोपऱ्यातून समोरच्या कोपऱ्यात तिरका टेप लावला, मग उलटा. दोन्ही कर्ण सारखे. त्याने टेप सोडला आणि पुन्हा लावला.

"मिस्त्री काका, हे कोणी बांधलं?"

"का?"

"कारण आपल्याकडे काटकोनातलं तोंड मी अजून पाहिलं नव्हतं. मोबातली भिंत मी लांबून ओळखतो. शेजारीपाजारी फुकट राबायला येतात, मालक जेवू घालतो, बाटली उघडतो. जेवणापर्यंत भिंत सरळ. जेवणानंतर राकियाची दारू नेईल तिकडे. मग मला दोन्हीकडे फोम मारून वेळ निभवावी लागते."

"माझ्या मोबात काम संपेपर्यंत बाटली उघडत नसे," ओब्रेन म्हणाला. छाती किंचित पुढे आली होती.

"म्हणून तर माणसं येत नव्हती," कुंपणापलीकडून आवाज आला. तिहोमिर, शेजारी, हातात कॉफीचा पेला घेऊन नेहमीच्या जागी टेकला होता. तेच कुंपण, तीच कोपरं. "मी आलो होतो एकदा. तहानेने जीव जायची पाळी आली."

"तुझी भिंत बघ आणि मग बोल," ओब्रेन म्हणाला. "तुझ्या भिंतीला टेकलं तर बोकडसुद्धा घसरतो."

"बोकड घसरतो, पण माणूस हसतो. तुझ्याकडे दोन्ही नाही."

सिनिशाने वहीत आकडे टिपले. "रुंदी दोन वीस, उंची दोन. आता सांगा, आत काय जाणार? दार आधी निवडायचं नसतं, आधी गाडी बघायची."

मुलाची गाडी करडी आहे एवढंच ओब्रेनला माहीत होतं. त्याने तिथल्या तिथे फोन लावला.

"बाबा? काय झालं? आई बरी आहे ना?"

"सगळे ठणठणीत. तुझी गाडी रुंदीला किती रे?"

पलीकडे दार लावल्याचा आवाज आला. मग, "का?"

"दार बसवतोय. वर सरकणारं."

"अरे बाबा, कशाला त्या फंदात... गाडी एक नव्वद आहे. पण आरसे धरून दोन बारा. तुझं तोंड किती?"

"दोन वीस."

"मग झालंच. एकेका बाजूला चार सेंटिमीटर. खरवडेल सगळं. राहू दे, बाबा. उगाच खर्चात पडू नकोस."

'राहू दे' म्हणताना नेगोवानच्या आवाजात काहीतरी सैल झालं होतं, ओझं खाली ठेवल्यासारखं. ओब्रेनने ते ऐकलं, आणि पोराला बापाची काळजी वाटते असा त्याने अर्थ लावला. माणूस आपल्याला हवं तेच ऐकतो, त्यात म्हाताऱ्याचं काय चुकलं?

"किती रुंद हवं दार?" त्याने सिनिशाला विचारलं.

"अडीच मीटर असेल तर निवांत. पण भिंत फोडावी लागेल, आणि वरचं लिंटल..."

"लिंटल मी दोन्हीकडे हातभर जास्त घातलंय."

"चाळीस वर्षांपूर्वी?"

"फिचा कायम राहणार नाही हे मला तेव्हाच कळत होतं," ओब्रेन म्हणाला, आणि छन्नी-हातोडा शोधायला आत गेला.

स्तामेनाने अंगणात येऊन डोक्याला हात लावला. सत्तरीचा माणूस स्वतःच्याच भिंतीवर घाव घालत होता, धूळ उडत होती, आणि वरच्या खोलीतल्या कपाटातली भांडी किणकिणत होती. "पडशील! आडवा होशील! मग त्या दारातून तुलाच बाहेर काढतील!" ती ओरडली. ओब्रेनने ऐकलं नाही. एकेक वीट सुटत होती तसा त्याचा जीव हलका होत होता. दुपारी जेवायला बसला तरी एक पाय टेबलाखाली हलतच होता, आणि सूप अर्धं टाकून तो परत उठला. त्या आठवड्यात त्याने धड झोप घेतली नाही की धड गप्पा मारल्या नाहीत. पण तोंड अडीच मीटर झालं. कड त्याने नव्याने बांधून काढली, ओळंबा लावून, पाणसळ ठेवून. सिनिशा पुन्हा आला, मोजलं, आणि हसला.

"कारखान्याला कामाला लागा म्हणतो. रुंदीचं झालं. उंची?"

पुन्हा फोन. या वेळी नेगोवानने उशिरा उचलला.

"अडीच केलंय," ओब्रेन म्हणाला. तो अभिमान लपवायच्या भानगडीत पडला नाही. "आता तुझी गाडी नाचत आत जाईल."

"भिंत फोडलीस?" नेगोवानचा आवाज बारीक झाला. "बाबा, तुला कोणी सांगितलं होतं?"

"मला कोणी सांगायला लागत नाही. उंची बोल."

"उंची... अडचण तीच आहे. छतावर सामानाची पेटी लावलीय मी. पक्की बसवलेली आहे, निघत नाही. दोन पंधरा होते."

"दोन पंधरा."

"हो. आणि वर तर माझी खोली आहे, छत काही उचलता येणार नाही. म्हणून म्हणतो, सोड."

छत उचलता येत नाही हे खरं. पण छत उचलता आलं नाही तर जमीन खाली नेता येते, हे ऑस्ट्रियात बसलेल्या पोराला कोण सांगणार? दुसऱ्या दिवशी ओब्रेनने कोबीची पिंपं अंगणात काढली, सरपण भिंतीलगत रचलं आणि गराजची जमीन खणायला घेतली. काँक्रीटचा थर जुना आणि चिवट होता. त्याने स्वतःच ओतला होता, त्यामुळे शिव्या द्यायलाही दुसरं कोणी नव्हतं.

"कबर खणतोयस का रे?" तिहोमिर कुंपणावरून वाकून म्हणाला. "दार असलेली कबर पहिल्यांदाच बघतोय. कळ दाबली की उघडणार!"

"तुला आत घेणार नाही, काळजी करू नकोस."

"पोरासाठी एवढं? तो येतोय तरी का?"

ओब्रेनने कुदळ थांबवली. "गाडी मोठी आहे त्याची," एवढंच तो म्हणाला.

त्या गावात हे उत्तर पुरेसं होतं. ऑस्ट्रियाहून येणारा माणूस गाडीतून येतो. ऑगस्टमध्ये गल्लीच्या दोन्ही बाजूंना गाड्या लागतात, सकाळी धुतात, संध्याकाळी पुसतात, आणि नोकरी कशी, घर कसं, बायको कशी, असलं काही विचारायची गरज पडत नाही. तिहोमिरचा चुलतभाऊ एकदा बसने आला होता. बिचाऱ्याचे डोळे बिघडले होते, गाडी चालवायला डॉक्टरने मनाई केली होती. पण गावाने आठवडा उलटायच्या आत त्याचं दिवाळं काढलं, बायकोला पळवून लावलं आणि वर त्याला थोडे दिवस तुरुंगातही ठेवून आणलं. चौकातल्या खानावळीत बसून हे सगळं रचणाऱ्यांत ओब्रेनही होता. चांगला पोट धरून हसला होता.

जमीन वीतभर खाली गेली. उंची दोन पंचवीस भरली. आता राहिली फक्त ऑर्डर. सिनिशाने बजावलं होतं, उद्या कारखान्याला आकडा गेला नाही तर मित्रोवदान हुकला. एकदा दार कापलं की परत घेत नाहीत, म्हणून शेवटचं एकदा गाडीचं माप पक्कं करा, अंदाजपंचे नको. ओब्रेनला ते शंभर टक्के पटलं. तो त्या खड्ड्यातच उभा राहिला आणि त्याने फोन कानाला लावला.

"नेगोवान, टेप आहे का तुझ्याकडे?"

"टेप? कशाला?"

"खाली जा, गाडीपाशी उभा राहा आणि आरशापासून आरशापर्यंत मोज. मी थांबतो. मला कागदावरचं माप नको, हातचं हवं."

"आत्ता?"

"आत्ता."

थोडी खुडबूड झाली. "हं. चाललोय जिन्याने... आलो. गाडीजवळच आहे, बाबा."

आणि तेव्हा पलीकडे घंटा वाजली. टण-टण. मग बाईचा स्वच्छ, धुतलेला आवाज आला, पुढच्या थांब्याचं नाव सांगणारा, आणि दारं फुस्स करून उघडली. कोणाचं तरी लहान मूल रडत होतं.

ओब्रेनला तो आवाज माहीत होता. एकदा तो आणि स्तामेना लिंत्सला गेले होते, आणि नेगोवानची गाडी दुरुस्तीला होती म्हणून एक दिवस ट्रामने फिरले होते. त्या बाईचं बोलणं स्तामेनाला इतकं आवडलं की ती घरी येऊनही नक्कल करायची. तीच घंटा. तीच बाई.

"धरतोय टेप," नेगोवान सांगत होता, जरा मोठ्याने, जरा घाईने. "दोन... दोन पंचवीस. आणि उंची दोन साठ."

"दोन साठ?"

"तुला सांगायचं राहिलं. गाडी बदलली. व्हॅन घेतलीय. उंच आहे फार. आता बघ, बाबा, दोन साठ काही तुझ्याच्याने..."

"नाही," ओब्रेन म्हणाला. "दोन साठ नाही व्हायचं."

"तेच म्हणतोय मी."

"बरं. ठेव. थंडीत उभा राहू नकोस."

त्याने फोन खिशात टाकला आणि खड्ड्याच्या काठावर बसला. ट्राममध्ये उभं राहून, एका हाताने दांडा धरून, दुसऱ्या हातात फोन घेऊन त्याचं पोर नसलेल्या गाडीला नसलेला टेप लावत होतं. गाडी कधी गेली? या वर्षी? गेल्या वर्षी? की आरसा उडाला त्याच वर्षी? आणि गाडीबरोबर आणखी काय काय गेलं? त्याला काहीच माहीत नव्हतं. एवढं मात्र आता लख्ख कळत होतं की बापाने भिंत फोडली तशी पोराला गाडी रुंद करावी लागली, जमीन खणली तशी ती उंच करावी लागली. पोरगं पळत होतं, आणि हा टेप घेऊन त्याच्या मागे लागला होता. ओब्रेनला स्वतःची इतकी लाज वाटली की त्याने मातीची मूठ भरली आणि ती भिंतीवर भिरकावली.

स्तामेना बाहेर आली. त्याचं तोंड बघून तिने टोमणा गिळला.

"काय म्हणाला?"

"व्हॅन घेतलीय म्हणतो."

"व्हॅन? त्याला व्हॅन कशाला?" मग तिला कळलं. ती त्याच्या शेजारी, मातीतच, बसली. "मागच्या आठवड्यात फोनवर मी त्याला म्हटलं होतं, एवढा पाऊस आहे, टायर बघून घे. तर म्हणाला, कसले टायर? आणि मग एकदम विषय बदलला. तेव्हाच मला शंका आली होती."

"मला का नाही बोललीस?"

"तू आनंदात भिंत फोडत होतास ना."

तिने पायाजवळचा विटेचा तुकडा उचलून बाजूला ठेवला. मग ती म्हणाली, "सांग त्याला. बसने ये म्हणावं."

"अगं, बसने ये म्हटलं की त्याला कळणार, मला कळलंय. मग तो जन्मात या दारात पाऊल ठेवणार नाही. माझंच रक्त आहे ते. मी तरी आलो असतो?"

"मग काय करणार?"

ओब्रेन उठला आणि चालायला लागला. अंगणाच्या या टोकापासून त्या टोकापर्यंत, पिंपांना वळसा घालून, परत. जेवायला बसला नाही. दुपारी टेप काढून उगाच फाटक मोजलं. कुत्र्याचं खोकं मोजलं. स्तामेना खिडकीतून बघत होती, पण हाक मारत नव्हती. रात्र कशीतरी गेली, आणि सकाळी सिनिशाची गाडी फाटकाशी येऊन थांबली तेव्हा तो पुन्हा गराजच्या तोंडाशी उभा होता. नवी बांधलेली कड उन्हात सरळसोट दिसत होती. त्याने तिच्यावरून हात फिरवला.

"बोला, मिस्त्री काका," सिनिशा वही उघडत म्हणाला. "अडीच बाय सव्वादोन लिहू? आज गेलं तर आठ तारखेच्या आत बसवून देतो. शब्द माझा."

"बसव एकदाचं," कुंपणावरून तिहोमिर म्हणाला. "मलाही ती व्हॅन बघायचीय." स्तामेनाने त्याच्या बायकोला काही सांगितलं नव्हतं, पण ओब्रेनचं मोठ्याने बोलणं कुंपणाला कधीच अडत नसे.

ओब्रेनने फोन काढला. नंबर लावला. घंटी वाजत राहिली, आणि शेवटी नेगोवानने उचलला.

"बाबा, मी कामावर आहे."

"एकच मिनिट. ऐक. दार होत नाही."

"उंचीमुळे ना? मी म्हटलंच..."

"उंचीमुळे नाही. भिंत वाकडी आहे."

सिनिशाने मान वर केली. तिहोमिरचा पेला ओठांपाशी आला होता, तो तिथेच राहिला.

"काय?" नेगोवान म्हणाला.

"वाकडी. जुना गिलावा काढला तेव्हा दिसलं. हा दारवाला इथेच उभा आहे माझ्यासमोर, त्यानेच मोजलं. कर्ण जुळत नाहीत."

"काका, पण..." सिनिशाने तोंड उघडलं. ओब्रेनने तळहात उभा धरला, आणि तो हात असा होता की सिनिशाने तोंड मिटलं.

"बांधली तेव्हा मोबा होता," ओब्रेन बोलत राहिला. आवाज खाली आणायचा त्याचा विचार नव्हता. ऐकतील ते ऐकू देत. "जेवणानंतर बाटली उघडली. मीच उघडली. वरचे थर त्यानंतरचे आहेत. इथे कुठलंच दार बसत नाही आणि कुठलीही गाडी आत जात नाही. तुझी नाही, कोणाचीच नाही. आणि रस्त्यावर ठेवायची तर सोयच उरली नाही, ट्रॉल्या आता पूर्वीपेक्षा जास्त आहेत. म्हणून आधीच कानावर घालतो. या घरी जो कोणी येईल, त्याने गाडी तिकडेच ठेवावी. बसने यावं. दुसरा इलाज नाही. चूक माझी आहे."

कुंपणापलीकडे पेला कठड्यावर ठेवल्याचा आवाज झाला. पन्नास वर्षांत या माणसाने एका विटेची चूक मान्य केली नव्हती. तिहोमिरला हसायला हवं होतं. आयुष्यभराचं भांडवल त्याला फुकट मिळत होतं. पण त्याला काय झालं कोण जाणे, त्याने कुंपणावरची कोपरं काढली आणि तो आपल्या अंगणाकडे वळला.

फोनमध्ये दूरवर कुठेतरी यंत्र चालू होतं. ओब्रेनने कान इतका दाबून धरला की तो दुखायला लागला. पोराने आता 'बरं' म्हणून फोन ठेवला तर सगळं संपलं, हे त्याला कळत होतं. त्याच्याकडे आता ना फोडायला भिंत होती, ना खणायला जमीन.

"किती वाकडी आहे?" नेगोवानने विचारलं.

ओब्रेनने नव्या कडेकडे बघितलं. तिच्यात नखभरही फरक नव्हता. "चार सेंटिमीटर," तो म्हणाला.

"चार?" पलीकडून नाक ओढल्याचा आवाज आला. "पाच असतील, बाबा."

"पाच?"

"मला लहानपणापासून दिसायचं ते. तुला वाईट वाटेल म्हणून बोललो नाही."

"असतील पाच," ओब्रेन म्हणाला. डोळ्यांतून पाणी वाहत होतं, ते पुसायला हात मोकळा नव्हता. एका हातात फोन, दुसऱ्याने भिंत धरलेली. "मला आता नीट दिसत नाही. तू म्हणतोस तर पाच."

"मग बसच बरी," नेगोवान म्हणाला. "रात्री निघते ती, सकाळी चौकात उतरवते. कोणी न्यायला येऊ नका. मी येईन चालत."